पाळणा हलण्यापूर्वी

दहावीची परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंत जे दोनअडीच महिने जातात, त्याच अवधीत लग्नाचे मुहूर्त दाटीवाटीने येतात. हा पंचांगाचा आणि परीक्षामंडळाचा निव्वळ योगायोग असला, तरी त्यापायी कित्येक मुलींच्या आयुष्याची दिशा गुणपत्रिका हाती पडण्यापूर्वीच ठरून जाते. अक्षय्य तृतीयेला तर मुहूर्तही पाहावा लागत नाही, आणि म्हणून त्या दिवसाच्या तोंडावर मराठवाड्यापासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या जिल्हाधिकाऱ्यांना दक्षतेचे आदेश काढावे लागतात. आदेश निघतात, लग्नेही लागतात. मग वर्षभरात पाळणा हलला पाहिजे अशी सासरची अपेक्षा असते आणि माहेरचीही असते. या सगळ्या व्यवहारात जिला आई व्हावयाचे आहे, त्या मुलीला काय व्हावयाचे होते, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही.

किशोरवयीन मुलामुलींना अकाली मातृत्व-पितृत्वापासून दूर ठेवून पुढील आयुष्याची आखणी करावयास शिकवणारे उपक्रम आपल्या देशात गेली वीस वर्षे चालू आहेत. त्यांतील काही उत्तम आहेत आणि काही केवळ कागदावर आहेत. त्यांचा हिशेब मांडण्याची वेळ आता आली आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी २३.३ टक्के स्त्रियांची लग्ने वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाली होती. १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ६.८ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. २००५-०६ मध्ये हेच आकडे अनुक्रमे ४७.४ आणि १६ होते. सुधारणा झाली नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु सरासरी ही मोठी फसवी वस्तू असते. महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या राज्यात बालविवाहाचे प्रमाण २१.९ टक्के निघाले, आणि परभणी व बीड या जिल्ह्यांत ते चाळीस टक्क्यांच्याही वर गेले. ज्या भूमीत महर्षी कर्वे जन्मले आणि जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी मुलींसाठी शाळा उघडली, त्या भूमीतील हे आकडे आहेत.

गोव्यात हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत आहे. यावर समाधान मानण्यास हरकत नाही, पण ते आपल्या पुण्याईचे फळ आहे असे मात्र कोणी समजू नये. पोर्तुगीज अमदानीतून वारशाने आलेल्या नागरी कायद्यानुसार येथे विवाहाची नोंद नागरी निबंधकाकडे करावी लागते. मांडव पडण्यापूर्वी वधूवरांना जन्मदाखले घेऊन कार्यालयाची पायरी चढावी लागते, सह्या कराव्या लागतात आणि त्या वेळी वय लपत नाही. इतरत्र भटजीने अक्षता टाकल्या की लग्न लागले, आणि वयाची चौकशी झालीच तर ती मागाहून. त्यातच गोव्यात गावोगावी शाळा आहे, कॉलेज बसच्या अंतरावर आहे आणि शिकलेल्या मुलीला नोकरी मिळण्याची आशा आहे. या तीन-चार गोष्टी एकत्र आल्या, म्हणून येथील मुलगी बहुधा वीस-पंचविशीपर्यंत अविवाहित राहते. म्हणजे कायदा अमलात आणण्याची साधी सोय आणि मुलीपुढे लग्नाखेरीज दुसरी एखादी वाट, या दोन गोष्टी जेथे असतात तेथे काम होते. जेथे त्या नसतात तेथे भाषणे होतात.

तरीही गोमंतकीयांनी हा विषय परक्याच्या घरचा समजू नये. आपली बांधकामे, आपली हॉटेले आणि मासेमारीच्या जेटी यांवर राबणारी कुटुंबे कर्नाटकातून, ओडिशातून, झारखंडातून येतात. त्यांच्या मुली आपल्याच शाळांच्या पटावर असतात, किंवा असावयास हव्या होत्या. शिवाय लग्न उशिरा होते याचा अर्थ वयात येणे उशिरा होते असा नव्हे. बाराव्या-तेराव्या वर्षी ऋतुप्राप्ती आणि पंचविशीत लग्न, अशा बारा वर्षांच्या दीर्घ अंतरात मुलामुलींनी शरीराविषयी, आकर्षणाविषयी आणि जबाबदारीविषयी कोणाला विचारावे, याची व्यवस्था आपल्या समाजाने केलेली नाही. जी व्यवस्था आहे ती खिशातल्या मोबाइलची. तेथे जे काही मिळते ते पाहून मुले शिकतात आणि आपण शिकवण्यास लाजतो.

अकाली मातृत्वाचे शारीरिक दुष्परिणाम सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांवर आम्ही फार लिहीत नाही. १५ ते १९ वयाच्या भारतीय मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे त्याच पाहणीत आढळले आहे. ज्या देहाला स्वतःलाच रक्त पुरत नाही त्याच्याकडून दुसरा जीव पोसण्याची अपेक्षा धरावयाची, मग बाळंतपणात झटके आले, बाळ अपुऱ्या वजनाचे निपजले, की नशिबाला बोल लावावयाचा, हा क्रम घरोघरी पाहावयास मिळतो. शरीराच्या हानीबरोबर दुसरी हानी होते ती शिक्षणाची. शाळा सुटलेली मुलगी मूल मोठे झाल्यावर पुन्हा शाळेत जात नाही, हे सांगण्यास पाहणीची आवश्यकता नाही.

आता सरकारी उपक्रमांकडे वळू. २००५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने मिळून शाळांसाठी किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आखला. पुस्तिका छापल्या गेल्या आणि त्यांतील चित्रांवरून गदारोळ उठला. २००७ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात अशा एकामागून एक राज्यांनी कार्यक्रम थांबवला. म्हणजे मुंबईपासून बेळगाव, इंदूर आणि बडोद्यापर्यंत मराठी मुले जेथे जेथे शिकत होती, तेथे तेथे बहुतेक ठिकाणी वर्गाचे दार बंद झाले. या चार राज्यांत तेव्हा एकाच पक्षाची सरकारे नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. इतर कोणत्याही प्रश्नावर ज्यांचे जमत नाही त्यांचे या एका प्रश्नावर मात्र चटकन जमते. पुढे राज्यसभेच्या याचिका समितीने श्री. व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखाली २००९ मध्ये अहवाल दिला आणि शाळांतून लैंगिक शिक्षण नको, असा निर्वाळा दिला.

त्यानंतर २०१४ च्या जानेवारीत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी पोषण, प्रजनन-स्वास्थ्य, मानसिक आरोग्य, हिंसा, व्यसने आणि पुढे जडणारे दीर्घ आजार असे सहा विषय त्यात घेतले. गावातील मुलामुलींमधूनच ‘साथिया’ निवडावयाचे, आरोग्य केंद्रांत किशोरांसाठी वेगळी खोली ठेवावयाची, समुपदेशक नेमावयाचा, अशी त्याची रचना आहे. २०२० मध्ये शाळांतून दोन-दोन शिक्षकांना, एक पुरुष आणि एक स्त्री असे, ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्याची योजनाही तिच्या जोडीला आली. रचना वाईट नाही. परंतु कित्येक आरोग्य केंद्रांत ती खोली म्हणजे लसींच्या रिकाम्या खोक्यांची कोठी असते, आणि जेथे ती उघडी असते तेथे पंधरा वर्षांची मुलगी ओळखीच्या नर्सबाईसमोरून तिच्यात शिरण्यास धजत नाही. ही अडचण दिल्लीत बसून ध्यानात येणार नाही. ज्या गावात बायका एकमेकींना माहेरच्या नावानिशी ओळखतात त्या गावात ती सर्वांत मोठी अडचण आहे.

या विषयाला विरोध करणाऱ्यांचा एक ठरलेला आक्षेप असतो. असल्या गोष्टी उघड बोलणे आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे ते म्हणतात. आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्या पणजीच्या काळातील चालीरीती आठवून पाहाव्यात. मुलीला पहिल्यांदा न्हाण आले की तिला मखरात बसवीत, वाजंत्री लावीत, शेजारणी गोडधोड घेऊन येत आणि गाणी म्हणत. गर्भाधान हा सोळा संस्कारांतील पहिला संस्कार, आणि तो साजरा होत असल्याची वार्ता आळीभर असे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात जे रण माजले ते या गर्भाधानावरूनच. वयोमर्यादा दहावरून बारावर नेण्यास आपल्यांतील थोर थोर पुढाऱ्यांनी विरोध केला होता आणि तो वृत्तपत्रांच्या स्तंभांतून, जाहीर सभांतून, अगदी मोकळ्या शब्दांत केला होता. तेव्हा आपले पूर्वज या विषयावर मौन पाळीत होते हे खरे नाही. ते भरपूर बोलत, फक्त ज्या मुलीसंबंधी बोलणे चाले तिला बोलण्याचा अधिकार नव्हता. मौन हे नंतर, मध्यमवर्गीय सभ्यतेच्या कल्पनांबरोबर आले, आणि आपण त्यालाच सनातन मानू लागलो.

या मौनाचा भंग मराठीत प्रथम ज्यांनी केला त्यांची वाट सुखाची नव्हती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते, यावरून कर्वे काळाच्या किती बरोबरीने चालले होते हे कळेल. या प्रचारापायी त्यांना महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडावी लागली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी अश्लीलतेचे खटले अंगावर घ्यावे लागले आणि त्यांपैकी एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते मासिक एकहाती चालवले. कोकणातल्या मुरूडच्या घराण्यातील हा गृहस्थ आज जयंती-पुण्यतिथीच्या सोयीचा झाला आहे. त्यांनी वाचकांना दिलेली माहिती मात्र आजही नववीच्या वर्गात देता येत नाही.

आता प्रश्न असा की, माहिती दिली म्हणजे काम झाले काय? आम्हांला तसे वाटत नाही, आणि जगाचा अनुभवही तसा नाही. या क्षेत्रात सदिच्छेने केलेले प्रयोग कसे अंगलट येतात याचे एक उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथे ५७ शाळांतील १३ ते १५ वर्षांच्या मुलींवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी काही शाळांतील मुलींना शनिवार-रविवारी सांभाळण्यासाठी यांत्रिक बाहुल्या दिल्या गेल्या. बाहुली रात्री-अपरात्री रडे, तिला दूध पाजावे लागे, लंगोट बदलावे लागत. हा व्याप पाहून मुली मातृत्वाला कंटाळतील अशी कल्पना होती. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत बाहुलीवाल्या मुलींतच गर्भधारणेचे प्रमाण अधिक निघाले. बाहुली पाहून चारचौघी भोवती जमत, कौतुक करीत, आणि जिच्याकडे एरवी कोणी पाहत नसे तिला पहिल्यांदाच कोणीतरी महत्त्व दिल्यासारखे वाटत असेल, असा आमचा तर्क आहे. भीती घालून काम होत नाही, तसेच नुसत्या ब्रह्मचर्याच्या उपदेशानेही होत नाही. अमेरिकन सरकारने अशा उपदेशावर वर्षानुवर्षे खर्च केला आणि २००७ मध्ये त्याच्याच आज्ञेने झालेल्या परीक्षणात त्याचा काडीचाही परिणाम आढळला नाही. त्या देशात किशोरवयीन मातांचे प्रमाण १९९१ मध्ये दर हजार मुलींमागे ६२ च्या घरात होते, ते २०२३ पर्यंत १३ च्या आसपास आले. त्याचे श्रेय मुख्यतः गर्भनिरोधक साधनांच्या वाढत्या वापराला दिले जाते.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत मायकेल कॅरेरा यांनी १९८४ मध्ये सुरू केलेला उपक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथे मुलांना शरीरविज्ञानाबरोबर अभ्यासात मदत मिळे, बँकेत खाते उघडून दिले जाई, लहानसहान पगारी काम दिले जाई, खेळ आणि नाटक शिकवले जाई, डॉक्टर व दंतवैद्य उपलब्ध असत, आणि हे वर्षानुवर्षे, रोज शाळा सुटल्यावर चाले. त्या शहरात मुलींच्या गर्भधारणा पुष्कळ घटल्या. परंतु मुलग्यांच्या वर्तनात तसा फरक दिसला नाही, आणि तोच नमुना दुसऱ्या शहरांत नेला तेव्हा तसे यश आले नाही. यशाचा आराखडा उचलता येतो, पण तो राबवणारी माणसे उचलून नेता येत नाहीत.

पण आपल्याला हार्लेमपर्यंत जाण्याचे कारण नाही. पैठण तालुक्यातील पाचोड हे गाव, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पुरेसे आहे. तेथे डॉ. अशोक दयालचंद यांच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस जो उपक्रम चालवला, त्याची माहिती महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकांना अधिक आणि मराठी वाचकांना कमी आहे. बारा ते अठरा वयाच्या अविवाहित मुलींसाठी, विशेषतः शाळा सुटलेल्या आणि शेतात राबणाऱ्या मुलींसाठी, रोज संध्याकाळी एक तासाचा वर्ग वर्षभर चालवावयाचा. शिकवणारी बाई त्याच गावची, सातवीपर्यंत शिकलेली असली तरी चालेल. वर्गात आरोग्य आणि आहार यांबरोबरच ग्रामपंचायत म्हणजे काय, अर्ज कसा करावा, पोस्टात आणि बँकेत व्यवहार कसा करावा, घरात आपले म्हणणे कसे मांडावे, अशा गोष्टी शिकवल्या जात. अभ्यासक्रम ठरवताना आईबापांना विचारण्यात आले होते, त्यामुळे मुलगी संध्याकाळी कोठे जाते हा संशय निघाला नाही. परिणाम काय झाला? त्या गावांत मुलींच्या लग्नाचे मध्यवर्ती वय चारएक वर्षांत सोळावरून सतरावर गेले.

एक वर्ष! वाचक म्हणतील, एवढ्याचे काय कौतुक? तथापि जेथे पिढ्यान्‌पिढ्या वय हलत नाही, तेथे एका वर्षाने हलणे म्हणजे काय हे त्या मुलींना विचारावे. आम्हांला यात महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. त्या वर्गात लग्नाविरुद्ध कोणी प्रचार केला नाही, कुटुंबाविरुद्ध बंड करावयास कोणी शिकवले नाही. मुलीला रोज तासभर घराबाहेर, चार मैत्रिणींच्या संगतीत, स्वतःचा म्हणून एक वेळ मिळाला. ज्या मुलीला अर्ज लिहिता येतो तिच्याशी बाप जरा वेगळ्या आवाजात बोलतो. एवढ्याने सोयरिकीची घाई थोडी मागे पडली.

याच्याशी बीडच्या ऊसतोडीची तुलना करावी. तेथे मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि नवी उचल मिळते. आईबाप सहा महिने कारखान्यावर गेले की वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवावी, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर म्हणून तिला उजवून टाकण्यात येते. ही जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि बेळगाव भागातील कारखान्यांवरही येतात. आपल्या चहातील साखरेचा या प्रश्नाशी काही संबंध असू शकेल, हे सहसा आपल्या मनात येत नाही. अशा ठिकाणी वर्गातील व्याख्यानाचा उपयोग काय होणार? तेथे मुलींसाठी हंगामी वसतिगृह हाच संततिनियमनाचा खरा उपाय आहे.

नुसता पैसा वाटूनही हे होत नाही. पश्चिम बंगालने २०१३ पासून कन्याश्री योजना चालवली. मुलगी अठरा वर्षांपर्यंत अविवाहित राहून शिकत असेल तर तिला २५,००० रुपये एकरकमी मिळतात. योजनेला संयुक्त राष्ट्रसंघाचे पारितोषिक मिळाले. मात्र त्या राज्यातील बालविवाहाचे प्रमाण चौथ्या पाहणीत ४१.६ टक्के होते आणि पाचव्या पाहणीतही ४१.६ टक्केच निघाले. उलट बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा माध्यमिक शाळेत मुलींचा प्रवेश सुमारे एकतृतीयांशाने वाढला. शाळा चार कोसांवर होती, ती सायकलीने जवळ आली, आणि मुलींचे घोळके रस्त्याने जाऊ लागल्यावर एकटीदुकटीचे भय गेले. आमच्या गोवा शासनानेही २०१२ पासून लाडली लक्ष्मी योजनेखाली अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलींसाठी एक लाख रुपयांची तरतूद केली आहे. परंतु घरोघरी या रकमेचा उल्लेख ‘मुलीच्या लग्नाचे पैसे’ असाच होतो. ती रक्कम मुलीच्या शिक्षणाची आणि धंद्याची म्हणून ओळखली जावी यासाठी शासनाने काही केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

शिकवावयाचे कोणी, हाही एक नाजूक प्रश्न. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात सुमारे पाऊणशे शाळांत एक प्रयोग झाला. तो चालवला आपल्या पर्वरीच्या ‘संगाथ’ संस्थेने, आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तोच कार्यक्रम काही शाळांत तेथील शिक्षकांकडे सोपवला आणि काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, विशेष पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकाकडे. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण निवळले, दांडगाई आणि मारहाण कमी झाली, मुलांचे नैराश्य घटले, मुलींविषयीची दृष्टी बदलली. शिक्षकांच्या शाळांत काहीही बदलले नाही. शिक्षकवर्गाने हे मनाला लावून घेऊ नये. ज्या सरांनी सकाळी गृहपाठ न केल्याबद्दल कान पकडला, त्यांच्यापाशी दुपारी मनातले गुपित सांगावयास मूल जाईल कसे? शिवाय जनगणना, निवडणूक, पोषण आहार आणि माहितीचे तक्ते यांतून शिक्षकाला उरलेला वेळ तो किती? केंद्र सरकारच्या ‘आरोग्यदूत’ योजनेचा सारा भार मात्र शिक्षकांवरच आहे. आपल्या राज्यातील संस्थेने बिहारमध्ये जाऊन जे सिद्ध केले ते आपल्या शिक्षण संचालनालयाने वाचलेले असावे, अशी आशा आम्ही बाळगतो.

कायद्याच्या बाजूची गुंतागुंत याहून बिकट आहे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीच्या संमतीला अर्थ नाही. अत्याचाराची माहिती ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, न कळवल्यास शिक्षा आहे. नराधमांसाठी हा कायदा हवाच. पण सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा यांच्या परस्परांच्या ओढीतून प्रसंग ओढवला, तर डॉक्टरला तेच पोलीस बोलवावे लागतात. ही भीती इतकी पसरली आहे की मुलगी सरकारी दवाखाना टाळते, घरचे लोक परगावच्या खाजगी दारी जातात, किंवा कोठले तरी औषध आणून घरातच जिवाशी खेळ होतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निर्णयात असे स्पष्ट केले की, अशा मुलीचा गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना, मुलीची आणि पालकांची तशी विनंती असल्यास, तिचे नाव-गाव उघड करण्याची आवश्यकता नाही. निर्णय होऊन वर्षे लोटली, तरी किती तालुका रुग्णालयांत तो भिंतीवर लावलेला आहे?

याच न्यायालयाला ऑगस्ट २०२४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या निकालातील एक विधान खोडून काढावे लागले. मुलींनी आपल्या वासना आवरल्या पाहिजेत, असा उपदेश त्या निकालात होता. न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने, निवाडा देताना न्यायाधीशांनी प्रवचन करू नये, असे बजावले. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बालविवाहासंबंधी दिलेल्या निकालात, केवळ खटले भरून हा प्रश्न सुटत नाही, प्रतिबंध आणि लोकशिक्षण आधी हवे, असेही न्यायालयाने म्हटले. आसामात २०२३ मध्ये बालविवाहाच्या आरोपावरून हजारो पुरुषांना तुरुंगात घातले गेले, तेव्हा तरुण गरोदर बायकांचा पोलीस ठाण्यांपुढे जो आकांत झाला, त्याची छायाचित्रे वाचकांनी पाहिली असतील.

या साऱ्या चर्चेत मुलग्यांचा विसर पडतो हेही सांगितले पाहिजे. वर्ग भरवले जातात ते मुलींचे, गोळ्या वाटल्या जातात त्या मुलींना, सावधगिरीचे धडे मुलींना. सोळा वर्षांच्या मुलग्याशी या विषयावर गंभीरपणे बोलणारे एकही वडीलधारे माणूस बहुधा त्याच्या आयुष्यात नसते. बाप बोलत नाही, काका चेष्टा करतो आणि उरलेले शिक्षण नाक्यावर होते. चवथीला आरत्या पाठ करून घेणाऱ्या आणि शिगम्यात ढोल शिकवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी याही विषयाची थोडी जबाबदारी उचलली, तर धर्म बुडेल असे आम्हांला वाटत नाही.

गोव्यापुरते काय करता येईल? सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण या तालुक्यांत, तसेच किनारपट्टीवरील मजूर वस्त्यांत, पाचोडच्या धर्तीवर संध्याकाळचे वर्ग सुरू करणे अवघड नाही. अंगणवाडीची खोली संध्याकाळी रिकामीच असते. ज्या देवस्थानांच्या अग्रशाळा लग्नमुंजींखेरीज वर्षभर कुलूपबंद असतात, त्यांच्या महाजनांनी रोज तासभर दिवा लावण्याची परवानगी दिली तर जागेचा प्रश्नच उरणार नाही. शिकवण्यासाठी गावातीलच बारावी-पदवीधर झालेल्या आणि नोकरीच्या प्रतीक्षेत असलेल्या मुली मिळतील. त्यांना मानधन महिन्याच्या महिन्याला मिळावे, वर्षअखेरीस नव्हे. आणि आरोग्य केंद्रातील किशोरांची खोली बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतून नव्हे, तर मागच्या बाजूने, शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत उघडावी. या एका बदलाला पैसा लागत नाही, फक्त कर्मचाऱ्यांच्या वेळापत्रकात फेरफार करावा लागतो. कदाचित म्हणूनच तो होत नसावा.

येत्या विधानसभा अधिवेशनात एखाद्या सदस्याने एवढे जरी विचारले, की राज्यातील किती शाळांत किशोरस्वास्थ्याचे तास गेल्या वर्षी प्रत्यक्ष झाले, ते कोणी घेतले आणि त्यांत मुलगे किती बसले, तरी उत्तर तयार करण्यासाठी आरोग्य आणि शिक्षण या दोन खात्यांना एका मेजाशी बसावे लागेल.